घडवणाऱ्याची खुर्ची

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, हे मला आठवावं लागत नाही. माझ्या आत्याबाईचे. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला वडिलांनी मला भिवापूरला तिच्या घरी आणून सोडलं, आणि मॅट्रिक होईपर्यंत मी तिथेच राहिलो. ती ऐन तरुणपणी विधवा झाली होती, मूलबाळ नव्हतं. मिरचीच्या हंगामात ती सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे मोकळ्या मैदानात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या राशी आणि त्यांच्याभोवती दिवसभर बसून देठ खुडणाऱ्या बाया. सारा सातरा शिंकत आणि बोलत असायचा.

हंगामात ती मला हाताने कधी शिवली नाही. बोटांना तिखट बसलेलं असायचं, ताकाने धुतलं तरी जायचं नाही. सकाळी मला उठवायचं तर कोपराने ढोसायची. ताप आला तर मनगटाची मागची बाजू कपाळाला लावून पाहायची. एका सव्वीस जानेवारीला मला शाळेत भाषणाचं बक्षीस मिळालं. बाकीच्या मुलांच्या आया त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. माझ्या आत्याबाईने मला खांद्याने असा धक्का दिला की मी पडता पडता वाचलो. तो धक्का मला अजून आठवतो.

ती फार सोशिक किंवा मायाळू होती असं मी लिहिणार नाही. बोलण्यात तिला कुणी हरवू शकत नसे, शेजारणीशी तिचं वर्षातून दोनदा तरी वाजायचं, आणि माझं प्रगतिपुस्तक शाळेतून आधी सातऱ्यावर जायचं, मग घरी यायचं. चार लोकांत मान मिळाला तर तिला आवडायचा. कुणाला आवडत नाही?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. नोकरी तात्पुरती होती. कायम करायची की नाही ते संस्थेच्या सचिवांच्या हातात होतं. त्यांची लाकडाची वखार होती, आणि शहरातल्या एका बंधुमंडळाच्या शाखेचे ते अध्यक्ष होते. मंडळाचं नाव मी देत नाही. दिलं तर त्यांना आनंदच होईल.

एक दिवस सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "सर, नुसतं शिकवून भागत नाही. माणसांत मिसळलं पाहिजे. आमच्या मंडळात या."

मी गेलो. नोकरीसाठी गेलो असं आज म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मी मंडळावर विश्वास ठेवून गेलो. त्यांची विधिपुस्तिका मी परीक्षेच्या पुस्तकासारखी पेन्सिलने खुणा करत वाचली. 'मंडळात कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, सर्व बंधू.' माझ्यासारख्याला हे वाचून भरून आलं. सभासद खरोखरच एकमेकांना बंधू म्हणत. इतवारीतला भांड्यांचा ठोक व्यापारी डॉक्टरला बंधू म्हणे, डॉक्टर वकिलाला बंधू म्हणे, आणि चहा आणणाऱ्याला सगळे मिळून 'ए' म्हणत.

हात मिळवताना अंगठ्याने समोरच्याचं मनगट दोनदा दाबायचं, ही त्यांची गुप्त खूण होती. तिचा उपयोग मला शेवटपर्यंत कळला नाही. सगळे एकमेकांना तोंडाने ओळखत होते, आणि ओळखत नसले तरी खिशावर वाटीएवढा बिल्ला होता.

मंडळाची एक प्रथा मात्र मला मनापासून आवडली. तिचं नाव ऋणस्मरण. वर्षातून एकदा विदर्भातल्या सगळ्या शाखांचं विभागीय अधिवेशन भरे. त्या अधिवेशनात नव्या सभासदांना उभं करून विभागीय अध्यक्ष विचारत, "नवबंधू, तुला कोणी घडवलं?" नव्या सभासदाने त्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याला हाताला धरून मंचावर आणायचं आणि मखमलीच्या खुर्चीवर बसवायचं. मग शाल, नारळ आणि टाळ्या. त्या वर्षी अधिवेशन नागपुरात, रामदासपेठेतल्या एका सभागृहात होतं, आणि नव्या सभासदांत मी होतो.

मी त्याच दिवशी भिवापूरला कार्ड टाकलं. आत्याबाईला वाचता येत नव्हतं. सातऱ्यावर तिच्या शेजारी बसणारी एक बाई सातवीपर्यंत शिकलेली होती, ती तिची पत्रं वाचायची आणि लिहायची. म्हणजे तिला आलेलं पत्र आधी सगळा सातरा ऐकायचा. तिचं उत्तर आलं (आमच्याकडे बायाही 'येतो', 'जातो'च म्हणतात): 'येतो. खुर्चीवर बसवते म्हणून मी सगळ्याईले सांगून देल्लं. लुगडं हिरवं नेसू का जांभळं, थे कळवजो.'

मी जांभळं म्हणून कळवलं.

अधिवेशन फेब्रुवारीतल्या एका रविवारी होतं. सकाळी सभागृहात शिरताना पाहिलं तर दाराशी दोन सभासद आलेल्या प्रत्येकावर गुलाबपाणी उडवत होते. बिल्ला पाहून उडवत होते. बिल्ला नसेल तर बाटली खाली.

उद्घाटनानंतर शाखांची हजेरी झाली. ज्या शाखेचे सर्वांत जास्त बंधू हजर, तिला उपस्थितीची ढाल मिळे. त्या वर्षी ती मिळवणाऱ्या शाखेने आपले ड्रायव्हर, दिवाणजी आणि वखारीवरचे चौकीदार यांच्या छातीवर बिल्ले लावून त्यांना मागच्या दोन रांगांत बसवलं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. ढाल मिळाली, फोटो झाला आणि बिल्ले परत गोळा करण्यात आले. दुपारी जेवणाच्या वेळी हे बंधू सभागृहाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ पत्रावळी घेऊन बसलेले मी पाहिले.

मग बिल्ला डाव्या खिशावर लावावा की उजव्या, यावर चर्चा झाली. हृदय डाव्या बाजूला असतं, हा एका गटाचा मुद्दा. पेन डाव्या खिशाला असतं, हा दुसऱ्याचा. डॉक्टर बंधू हृदयाच्या जागेविषयी अधिकारवाणीने बोलले. शेवटी एक समिती नेमली. पुढच्या वर्षीही समिती होती असं मी ऐकलं.

ही चर्चा चालू असताना मी दाराकडे डोळे लावून होतो. आत्याबाई छोट्या रेल्वेने इतवारी स्टेशनला उतरून तिथून सायकलरिक्षाने येणार होती. ती आली ती जांभळं लुगडं नेसून, डोक्याला भरपूर तेल लावून, आणि हातात मिरच्यांची गच्च भरलेली कापडी पिशवी घेऊन. दाराशी तिच्यावर गुलाबपाणी कुणी उडवलं नाही. मी उठून बाहेर गेलो.

"कोठी हाय खुर्ची?" तिने पहिला प्रश्न विचारला.

"दुपारी आहे वं आत्याबाई. आधी चहा घे."

"ह्या मिरच्या तुह्या साहेबाले. जो खुर्चीवर बसवीन त्याले."

तेवढ्यात सचिव आले. त्यांनी आधी लुगड्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे.

"या कोण?"

"माझी आत्या. ऋणस्मरणासाठी आली आहे."

"वडील नाही आले?"

"वडिलांना बोलावलं नव्हतं. मला हिनं शिकवलं."

सचिवांनी मला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं. आत्याबाईला ऐकू येईल एवढंच अंतर.

"सर, पुस्तिका वाचली ना तुम्ही? 'पित्याने अथवा पितृतुल्य व्यक्तीने' असं स्वच्छ छापलंय."

एरवी ते मला बंधू म्हणत. अडचण आली की मी सर होत असे.

"ती पितृतुल्यच आहे," मी म्हणालो.

"अहो, बाई पितृतुल्य कशी होईल? आणि मंचावर बाई कधी आलेली नाही. अमरावतीचे लोक काय म्हणतील? सांगायचं तरी आधी!"

"मग आता?"

"आता काही काळजी करू नका. मी करतो व्यवस्था. बाईंना तिकडे भगिनी संमेलनात बसवा. हळदीकुंकू आहे, चिवडा आहे, गाणी आहेत. त्यांना मजा येईल."

"ती विधवा आहे."

सचिवांनी क्षणभर विचार केला.

"मग नुसता चिवडा," ते म्हणाले.

सचिवांनी केलेली व्यवस्था म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर. उंच, गोरे, पांढऱ्या मिशांचे, शाल शोभावी असे खांदे. ते मंडळाचे राखीव पितृतुल्य होते, हे मला जेवणाच्या रांगेत कळलं. कुणाचे वडील वारलेले असत, कुणाचे आजारी, कुणाचे मंचावर आणण्यासारखे नसत. अशा वेळी इंजिनिअर साहेब उभे राहत. आदल्या वर्षी त्यांनी एका दुपारी तिघांना घडवलं होतं.

ते माझ्याजवळ ताट घेऊन आले. अंगठ्याने माझं मनगट दोनदा दाबलं आणि म्हणाले, "तुझ्याबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. कुठला तू?"

"भिवापूरला शिकलो."

"वा! उमरेडचा रस्ता माझ्या हाताखाली झाला. त्याच रस्त्याने शाळेत गेला असशील."

"शाळा घराच्या मागेच होती. आणि नागपूरला मी छोट्या रेल्वेने आलो."

"तरी पण," ते म्हणाले, "रस्ता तर होता ना?" आणि समाधानाने त्यांनी आणखी एक गुलाबजाम घेतला.

माझं घडणं त्यांच्या दृष्टीने तिथे पूर्ण झालं.

भगिनी संमेलन बाजूच्या लहान दालनात होतं. मी दारातून पाहिलं. आत बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या, ओटीत संत्री घालत होत्या. आत्याबाईला दाराजवळ, चपलांच्या शेजारी, एका सतरंजीच्या तुकड्यावर बसवलं होतं. समोर चिवड्याची बशी होती. मिरच्यांची पिशवी मांडीवर. मला पाहून ती उठून बाहेर आली.

"थे बाई मले आजी म्हणते गा," ती म्हणाली. "'इथीसा बसा आजी, हवा येते,' म्हणे. तिच्यापेक्षा दोन वर्सानं लहानच असन मी. आन हवा कायची? चपलाईचा वास."

आम्ही सभागृहाच्या मागे कडुलिंबाखाली उभे राहिलो. मला सांगायचं होतं ते ती आधीच ओळखून होती. सचिवांचं बोलणं तिने ऐकलंच होतं.

"खुर्ची नाही भेटत ना?"

"नाही."

"मंग कोणाची हाय थे खुर्ची?"

"एक इंजिनिअर आहेत. त्यांना बसवणार म्हणतात."

"त्यानं का केलं तुह्यं?"

"रस्ता."

"कोणता रस्ता?"

"उमरेडचा."

आत्याबाई आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून एवढी हसली की तिला झाडाला धरावं लागलं. "अन् गिट्टी निंगाली हाय त्या रस्त्याची! बैल बी जात नाही तिकून. अस्सं! मंग साऱ्या भिवापूरलेच घडवलं म्हण त्यानं."

हसू थांबलं. जांभळ्या लुगड्याचा काठ तिने बोटांत धरला होता, तो सोडला.

"मी बायाईले सांगून आलो गा," ती म्हणाली. "खुर्चीवर बसवते, शाल देते म्हणून. उद्या त्या विचारतीन. का सांगू मी त्याईले?"

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेलो, ती तिने दिली नाही.

"नाव तं घेशीन ना?"

"घेईन."

"पुरं घेजो. निस्तं आत्या म्हणशीन तं कोणाची बी आत्या होते."

"पूर्ण घेईन. तू खिडकीशी थांब, ऐकू येईल."

"थांबतो. पण गाडी हाय संध्याकाळी. उद्या सातरा हाय."

सभागृहाच्या बाजूला गजांची एक मोठी खिडकी होती. ती तिथे पिशवी घेऊन उभी राहिली. एका बिल्लेवाल्याने तिला हटकलं. ती म्हणाली, "आत नाही येत गा बाप्पा, बाहेर उभी हाय. बाहेर बी तुमचंच का?" तो गेला.

आत जाताना सचिवांनी मला पुन्हा गाठलं. "इंजिनिअर साहेबांचं पूर्ण नाव लक्षात ठेवा. आणि मार्चमध्ये संस्थेची बैठक आहे, माहीत आहे ना? तुमचा विषय आहे तीत." हे त्यांनी धमकीच्या सुरात सांगितलं नाही. मुलाला मफलर नीट गुंडाळायला सांगावं तसं सांगितलं. दोन्ही गोष्टी एका दमात का आल्या ते मला समजलं. ती नोकरी गेली असती तर मला दुसरी कुठे मिळणार होती? भिवापूरला कुणी इतिहासाचा प्राध्यापक ठेवत नाही.

ऋणस्मरण दुपारी व्हायचं होतं. पण आधी शुभेच्छांच्या तारा वाचल्या गेल्या. मग ज्यांच्या तारा आल्या नाहीत त्यांच्या शुभेच्छा गृहीत धरल्या गेल्या. मग आभार झाले, मग आभार मानणाऱ्याचे आभार. वर्ध्याच्या एका बंधूने बंधुत्वावर स्वतः रचलेली कविता म्हटली आणि ती सर्वांना आवडली असं समजून पुन्हा म्हटली. मी मंचाजवळच्या रांगेत बसून खिडकीकडे पाहत होतो. खिडकीतलं ऊन वर सरकत गेलं. आत्याबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती. शेवटी तिने गजांमधून मला हनुवटीने खूण केली: जातो. मी हाताने 'थांब, थांब' केलं. तिने पिशवी उचलून दाखवली, म्हणजे ती परत नेतेय असं, आणि निघाली. खुर्ची नाही तर मिरची नाही. त्या साऱ्या दिवसात मला पटलेला तो एकच ठराव.

ती गेल्यावर थोड्याच वेळाने आमची नावं पुकारली.

माझ्या आधी एका कापडवाल्याचा मुलगा होता. "नवबंधू, तुला कोणी घडवलं?" "माझ्या वडिलांनी." वडिलांनी त्याला चालतं दुकान दिलं होतं, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. वडील खुर्चीवर बसले, शाल झाली. एका सभासदाने लाकडी हातोडा मेजावर तीनदा आपटला आणि त्या तालावर सभागृहाने तीन तीन टाळ्या वाजवल्या. मंडळात टाळ्याही मापून वाजत. कमी नाही, जास्त नाही.

मग मी. विभागीय अध्यक्ष वकील होते. गळ्यात चांदीच्या रंगाची साखळी, हातात पुस्तिका, पुस्तिकेतल्या ओळीवर बोट.

"नवबंधू, तुला कोणी घडवलं?"

मी आत्याबाईचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं: तिचं, तिच्या नवऱ्याचं, आडनाव, आणि पुढे मुक्काम भिवापूर. ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथे घ्यायचं तिथे घेतलं आहे.

अध्यक्षांचं बोट ओळीवर थांबलं. त्यांच्या ओळीत पुढे पितृतुल्य होतं. इंजिनिअर साहेब पहिल्या रांगेत अर्धे उठलेले होते, ते तसेच अर्धे राहिले.

"घाबरू नका," अध्यक्ष मायेने म्हणाले. "सावकाश सांगा. तुला कोणी घडवलं?"

मी पुन्हा तेच नाव घेतलं. मागून सचिवांचा आवाज आला, "इंजिनिअर साहेब... इंजिनिअर साहेब म्हणा..." माझ्या मागच्या खुर्चीवर कुणी तरी विचारलं, "कोणाचं नाव घेतो हा?" दुसरा म्हणाला, "गावाकडचं काही तरी असंल."

अध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं आणि पुढे बोलायला तोंड उघडलं. मला सातऱ्याविषयी सांगायचं होतं, कोपराविषयी सांगायचं होतं. सकाळपासून मी ते मनात जुळवत होतो. पण तीनदा झालं म्हणजे झालं, असं हातोडेवाल्याला वाटलं असावं. त्याने आपटला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, तीन तीन. इंजिनिअर साहेब पूर्ण उठले. माझ्या हाताची वाट न पाहता स्वतःच मंचावर गेले आणि खुर्चीवर बसले. मलाही कुणी तरी मागून वर ढकललं. शाल आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "कष्टांचं सार्थक झालं." पुढे ते रस्त्याविषयी बोलले. बरंच बोलले.

बोलून उठताना खुर्चीवरची मखमल त्यांच्या कोटाच्या बटणात अडकली आणि त्यांच्याबरोबर थोडी दूर गेली. खाली एक लोखंडी घडीची खुर्ची होती, लग्नाच्या मांडवात असते तशी. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात इतवारीतल्या एका मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं. दोघे बिल्लेवाले धावले आणि त्यांनी खुर्ची घाईने झाकली. त्या साऱ्या दिवसात मंडळाचे बंधू कशासाठी धावलेले मी पाहिले असतील तर त्या खुर्चीसाठी.

रात्री मी खोलीवर आलो तेव्हा मला वाटत होतं की मी मोठं काही तरी केलं आहे, आणि आता नोकरी जाणार. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सचिव समोरून आले. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "छान झालं हो. जरा अडखळलात, पण पहिल्यांदा होतं असं. साहेब खूश होते." आणि पुढे गेले. मार्चच्या बैठकीत मला कायम केलं. अधिवेशनाच्या छापील वृत्तांतात माझ्या नावापुढे, पितृतुल्य म्हणून, इंजिनिअर साहेबांचं नाव आलं.

मी तीनदा नाव घेतलं होतं आणि ते कुणाच्याच कानात शिरलं नव्हतं. त्यांनी मला शिक्षा केली नाही यात मोठेपणा काही नव्हता. शिक्षा करायची तर आधी ऐकावं लागतं. या मंडळाने माझं काही वाईट केलं असतं तर मला त्याचा थोडा तरी आदर वाटला असता. पुढच्या वर्षी मी वर्गणी भरली नाही. माझं नाव कमी झालं, हेही कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पण सातऱ्यावर बाया विचारणार होत्या, त्याचं काय? अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कॉलेज सुटल्यावर मी इतवारीत गेलो. हातगाड्या आणि धान्याची पोती चुकवत चुकवत खुर्चीवर ज्याचं नाव वाचलं होतं ते दुकान शोधून काढलं. मंडपवाला खुर्च्या मोजून आत ठेवत होता.

"मला तुमची एक खुर्ची विकत हवी," मी म्हणालो.

"किती पायजे? शंभर? दोनशे?"

"एक."

"एक?" त्याने मला नीट पाहिलं. "भाऊ, एका खुर्चीवर कोणतं लग्न लागते?"

"रामदासपेठेतून काल परत आली, ती. मंचावर मखमल होती ती."

"ते तर खटारा आहे. एक पाय आखूड आहे तिचा, म्हणून तर मखमल टाकून देतो आम्ही. चांगली घ्या ना दुसरी."

"तीच पाहिजे."

"काहून बा? त्याच्यावर कोणी मंत्री बसला होता का?"

"नाही," मी म्हणालो. "बसणार आहे एक."

त्याने डोक्याला हात लावला, आणि दिली. मी ती खांद्यावर घेऊन इतवारी स्टेशनला गेलो, भिवापूरच्या छोट्या गाडीत गार्डाच्या डब्यात चढवली, आणि फलाटावरच बसून पत्र लिहिलं. शिकल्यापासून मी घरी पुस्तकी मराठीत पत्रं लिहीत असे. हे पत्र मोठ्याने वाचलं जाणार होतं, म्हणून आमच्या बोलीत लिहिलं. ते असं:

आत्याबाई,

हे पत्र जेवणाच्या सुटीत वाचून घेजो, साऱ्या बाया जमल्यावर. त्याच्याआधी नको.

तू गेली अन् माहा नंबर लागला. साखळीवाल्या साहेबानं विचारलं, तुले कोणी घडवलं. मी तुह्यं नाव घेतलं. पुरं घेतलं, भिवापूर लावून. त्यानं तीनदा विचारलं, मी तीनदा तुह्यंच नाव घेतलं. तुले वाटत असन का तू गेल्यावर मी बदललो, तं नाही बदललो. पण तिथं कोणाले आयकू आलं नाही. टाळ्या वाजल्या थ्या रस्त्यावाल्याले वाजल्या.

म्हणून आता असं करजो. पत्र वाचणाऱ्या बाईनं इथं थांबावं, अन् साऱ्या बायाईनं मोठ्यानं विचारावं, का याले कोणी घडवलं? मंग वाचणारीनं तुह्यं पुरं नाव घ्यावं. थेच माह्यं उत्तर हाय. टाळ्या किती वाजवाच्या थे ज्याचं त्यानं पाहावं, इथं माप नाही.

खुर्ची गाडीत टाकली हाय, गार्डाच्या डब्यात. टेशनावरून आणून घेजो. मंचावर होती थेच हाय, मी वळखून आणली. मखमल नाही पाठवली, मखमल भाड्याची होती. एक पाय आखूड हाय, खाली कवेलूचा तुकडा लावजो, नाही तं पडशीन अन् बाया हासतीन. देठ खुडाले खुर्चीवर बसता येत नाही हे मले बी मालूम हाय. सुटीत बसजो. हिरवं नेस का जांभळं, तुह्या मर्जीनं.

मिरच्या परत नेल्या थे बेस केलं. आता थ्या मले पाठवून दे.

तुहा भाचा